सोलापुरातून एका दिवसात जंगलातला धबधबा: आधी पाऊस बघा, मग तारीख धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरातली आठ जणांची मंडळी, वयं १४ ते ५२. दोघंतिघं आधी ट्रेकला गेलेली, बाकीची नवखी. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी जंगलातून चालत धबधब्यापर्यंत जायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. कुठं जावं, काय न्यावं, कशाची काळजी घ्यावी?

या प्रश्नात एक शब्द राहून गेलाय: कधी. सोलापूरकरांसाठी तोच सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टात पाऊस रोज असतो, त्यामुळे तिथला धबधबा कुठल्याही रविवारी गेलं तरी वाहताच सापडतो. आपला भाग पर्जन्यछायेतला. सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यातला धबधबा म्हणजे गेल्या दोन-चार दिवसांत डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी. पाऊस थांबला की तीन-चार दिवसांत धार बारीक होते, आठवड्यात नुसता ओला कातळ उरतो. म्हणून महिनाभर आधी ठरवलेल्या तारखेला गेलेली मंडळी कोरडा कडा बघून परततात. उलटही घडतं. आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला असतो, गाडी ठरलेली असते, डबे भरलेले असतात, म्हणून लोक जातात आणि फुगलेल्या ओढ्यात उतरतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते.

जूनच्या पावसावर विसंबू नका. उन्हाळाभर भेगाळलेली काळी रानं पहिला पाऊस पिऊन टाकतात, माळावरची मुरमाड जमीनही बराच शोषते. भुईला ओल पुरली, विहिरींचं पाणी वर आलं, ओढे सलग वाहू लागले की मग नव्या पावसाचं पाणी कड्यावरून पडायला लागतं. सोलापुरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा आपला हंगाम. या काळातले तीन रविवार मोकळे ठेवा आणि त्यातला कुठला, ते गुरुवारी-शुक्रवारी ठरवा. शनिवारी रात्री पुन्हा एकदा तपासा.

तपासायचं कसं? कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर रोजचा पाऊस तालुका आणि महसूल मंडळांनुसार मिळतो. आकडा सोलापूर शहराचा बघू नका. धबधब्याच्या वरच्या बाजूला, जिथून ओढा येतो, त्या मंडळांचा बघा. माझा ठोकताळा असा: आधीच्या दोन आठवड्यांत मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि शेवटच्या तीन दिवसांत २५ ते ४० मिलिमीटर, म्हणजे धार चांगली आणि वाट चालण्याजोगी. शेवटच्या तीन दिवसांत दहाही मिलिमीटर नसेल तर धबधब्याची आशा सोडा, पण रान हिरवं असेल, चालायला मजा येईल. शेवटच्या २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढं गेला असेल तर बेत पुढं ढकला. हवामान खातं ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘जोरदार’ म्हणतं, आणि एवढ्या पावसानंतर छोट्या ओढ्यांचा भरवसा राहत नाही. त्या दिवशीचा इशारा पिवळा असेल तर सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत बाहेर पडता येत असेल तरच जा. नारिंगी किंवा लाल असेल तर घरी थांबा. गाडीचा ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल.

आता कुठं. तुमच्या मंडळींसाठी माझं उत्तर येडशीजवळचं रामलिंग हेच आहे. बालाघाटच्या रांगेत, धाराशिव जिल्ह्यात, सोलापूरपासून साधारण ८५ ते ९० किलोमीटर. रामलिंगाचं मंदिर दरीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि मंदिरामागे धबधबा आहे. रावणाशी झुंजताना जटायू इथंच पडला अशी लोकांची श्रद्धा आहे, मंदिराशी जटायूची समाधीही दाखवतात. भोवतीचं जंगल म्हणजे येडशी रामलिंग घाट अभयारण्य, क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. गाडी थेट मंदिरापाशी नेली तर चालणं फारसं होत नाही. म्हणून येडशीकडेच गाडी सोडा आणि तिथून पायी जा. जाऊन-येऊन, वर वनरक्षक परवानगी देतील त्या वाटेवरचा फेरफटका धरून, सहा ते आठ किलोमीटर होतात. नवख्यांना हे झेपतं आणि ट्रेक केल्यासारखंही वाटतं.

पर्यायही सांगून ठेवतो. सोबत सत्तरीची आजी आणि पाच वर्षांचं पोर असेल तर नळदुर्ग. हैदराबाद महामार्गावर, पन्नास किलोमीटरच्या आत. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे पडतात. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं तरच ते वाहतात, म्हणून तिथं पावसाच्या आकड्यापेक्षा धरण भरलं का, हे विचारायचं. तिथं जंगल मात्र नाही. सौताडा, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या पुढं. विंचरणा नदीचा धबधबा आणि खाली दरीत रामेश्वर. दरी रामलिंगपेक्षा खोल आणि देखणी, पण सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या पुढं, म्हणजे गाडीतच सहा-सात तास जातात. साताऱ्याकडचे धबधबे एका दिवसाच्या बेतात धरूच नका. पहाटे तीनला निघालेला आणि रात्री बाराला परतणारा ड्रायव्हर हा त्या सहलीतला सर्वांत मोठा धोका असतो.

रामलिंगला जायचे दोन रस्ते. तुळजापूर-धाराशिववरून महामार्गानं गेलं तर पावणेदोन ते दोन तास. दुसरा वैराग-बार्शीवरून, थोडा जास्त वेळ घेतो. नवरात्रात तुळजापूर टाळा. कोजागरीच्या आसपास तर सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी सगळा रस्ता भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसांत बार्शीचाच रस्ता धरा. श्रावणी सोमवारी रामलिंगला दर्शनाची गर्दी असते. ज्यांना जंगल ऐकायचंय त्यांनी तो दिवस सोडावा.

परवानगीचं गांभीर्यानं घ्या. अभयारण्य म्हटलं की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. मंदिराच्या वाटेवर भाविक जातात-येतात, पण मुख्य वाट सोडून आत शिरायचं तर वनविभागाला विचारून. दोन दिवस आधी येडशीतल्या वनकर्मचाऱ्यांना विचारा, ओळख नसेल तर १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर. दुसरं कारणही आहे. २०२४ च्या डिसेंबरात या अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला नर. बार्शी तालुक्यातही तो फिरला, जनावरं मारली. तेव्हा त्या दिवशी कुठली वाट उघडी आणि कुठली बंद, हे वनरक्षकाच्या तोंडून ऐकूनच पाऊल टाका. उजाडण्याआधी आणि दिवे लागणीनंतर जंगलात कुणी नसावं. चौदा वर्षांच्या मुलाला गटाच्या मधोमध चालवा, पुढं पळू देऊ नका.

आता वेळेचं गणित, आणि ते उलटं मांडायचं. सप्टेंबरच्या मध्यावर आपल्याकडं सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. दरीत आणि झाडीत तासभर आधीच अंधारून येतं. याच दिवसांत दुपारी तीननंतर गडगडाटी पाऊस यायची शक्यता सर्वांत जास्त. या दोन गोष्टी धरल्या तर गट दुपारी तीनला गाडीपाशी हवा. चालायला किती लागेल? आठ जणांचा मिश्र गट, चिखलाची वाट, फोटो, बूट बांधणं, हे सगळं धरून ताशी अडीच किलोमीटर पकडा. शिवाय दर १०० मीटर चढाला १० मिनिटं आणि तासाला १० मिनिटं विश्रांती. सात किलोमीटर आणि २०० मीटर चढ असेल तर हा हिशेब पावणेचार तासांच्या आत बसतो. त्यात धबधब्यापाशी दोन तास आणि अडीअडचणीला एक तास घाला. एकूण पावणेसात तास. म्हणजे सव्वाआठला पहिलं पाऊल पडलं पाहिजे, सोलापूर साडेपाचला सुटलं पाहिजे आणि चहा-नाश्त्याला वाटेत अर्ध्या तासापेक्षा जास्त देता येत नाही.

या सगळ्यात एक वेळ आधी जाहीर करून ठेवायची: माघारीची. साडेबारा वाजले की जिथं असाल तिथून मागं वळायचं, धबधबा समोर दिसत असला तरी. ही वेळ घरून निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगा. तिथं पोचल्यावर ठरवायला गेलात तर ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणणारे चार जण निघतातच, आणि सगळ्यांत दमलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो.

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण धबधब्यावरचे बहुतेक जीव पाण्यातच जातात आणि तेही रोज दिसणाऱ्या साध्या चुकांनी.

बालाघाटातले ओढे लहान, उताराचे आणि कातळी. वर डोंगरावर पाऊस झाला की पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात येतं. तुम्ही खाली उन्हात उभे असता आणि अर्ध्या तासात घोट्याचं पाणी मांडीला लागतं. म्हणून आकाश डोक्यावरचं बघून भागत नाही, ओढा ज्या दिशेनं येतो तिकडचं बघायचं. तिकडं काळं आलं असेल तर ओढ्यातून बाहेर या. पाणी वाढण्याची लक्षणं ओळखता आली पाहिजेत: स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, काटक्या-पाचोळा वाहत येतो, आवाज खर्जात जातो. पोचल्या पोचल्या काठावरचा एखादा दगड पाण्याच्या पातळीची खूण म्हणून धरा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडं नजर टाका. यासाठी एक माणूस नेमा, आणि दर अर्ध्या तासानं माणूस बदला. नेमलेला नसला की सगळ्यांना वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभे होते. पाणी वाढलं तेव्हा दोन्ही काठ तुटले आणि एकमेकांना धरून उभं राहण्यापलीकडं त्यांच्या हातात काही उरलं नाही. त्यातून नियम निघतो तो असा: प्रवाहाच्या मधल्या कातळावर बसायचं नाही, डबा खायचा नाही, फोटो काढायचा नाही. ज्या काठानं परतायचंय त्याच काठावर थांबायचं.

ओढा ओलांडायची वेळ आलीच तर मोठ्यांच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडू नका. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून मांडीभर संथ पाण्यापेक्षा पोटरीभर धावतं पाणी माणसाला लवकर पाडतं. अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथंच पाणी खोल आणि जोराचं असतं. रुंद, उथळ आणि सरळ भाग शोधा, आणि खालच्या बाजूला लगेच कडा किंवा डोह नाही ना ते बघा. पिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येते. बूट काढू नका. अनवाणी पाय शेवाळावर टिकत नाही आणि दगडाला ठेचाळतो. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, हातात काठी, काठी आणि एक पाय रोवलेला असतानाच दुसरा उचलायचा, सरकत बाजूला जायचं. नवख्यांना तिघातिघांनी खांद्याला खांदा धरून न्या, वजनदार माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला.

समजा तुम्ही पलीकडं असताना पाणी वाढलं, तर उंच जागी बसून राहा. लहान ओढा जसा झपाट्यानं चढतो तसाच दोन-तीन तासांत उतरतो. हे दोन-तीन तास काढता यावेत म्हणूनच वेळेच्या हिशेबात अडचणीचा एक तास, तीननंतर अंधारापर्यंतचा वेळ शिल्लक आणि पिशवीत एक जेवण जास्तीचं ठेवायचं. घाईनं ओलांडायला जाणं हे बुडण्याचं नेहमीचं कारण आहे.

धबधब्याच्या थेट धारेखाली उभं राहू नका, आणि याचं कारण आपल्या दगडात आहे. दख्खनचा बसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनला. वरचा थर कठीण, खालचा बऱ्याचदा भुसभुशीत किंवा लालसर मातीचा. पाणी खालचा थर कोरत नेतं, वरचा कातळ छपरासारखा पुढं येतो, आणि पावसाळ्यात त्यातले तुकडे सुटतात. शिवाय वरून गुरं, माकडं, माणसं चालली तरी दगड घरंगळतो. नारळाएवढा दगड २० मीटरवरून आला तर डोक्यावर छत्री-टोपी काहीही असली तरी उपयोग नाही. धारेपासून कड्याच्या उंचीच्या निम्म्या अंतरावर थांबा. तुषार तिथंही येतात.

डोहात पोहायचं नाही, पोहता येणाऱ्यांनीही. धारेजवळचं पाणी फेसाळ असतं, त्यात हवा मिसळलेली असते आणि असलं पाणी शरीराला उचलून धरत नाही. खाली गेलेलं पाणी परत कड्याकडं फिरतं आणि माणसाला तिथंच गोल गोल ठेवतं. डोहाच्या तळाशी कपारी असतात. कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, एकाच्या जागी दोन जातात. १५ मीटरची जाड दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, एवढं प्रत्येक गटाकडं हवं. कॅन फेकायचा तो माणसाच्या थोडा पलीकडं, म्हणजे ओढताना दोरी त्याच्या हाताला लागते. फेकणाऱ्यानं बसून, पाय दगडाला टेकवून ओढायचं.

आणि माथ्यावर, जिथून पाणी खाली पडतं तिथं, जाऊच नका. तिथला कातळ वरून सपाट दिसतो, पण कडेला शेवाळाची बुळबुळीत साय असते, आणि एकदा पाय निसटला की धरायला काही नसतं. ओल्या काळ्या कातळाचं एवढं लक्षात ठेवा: हिरवं किंवा तुकतुकीत काळं दिसलं की पाय टाकायचा नाही, खडबडीत करड्या भागावर टाकायचा.

वीज हा सप्टेंबर-ऑक्टोबरचा वेगळा विषय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं. दरीत रेंज नसते, म्हणून हाताशी सोपा हिशेब ठेवा: लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी गेले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. माळ, टेकडीचा माथा, एकटं झाड सोडा. उथळ कपारीच्या तोंडाशी आडोसा घेऊ नका, वीज कातळावरून उतरताना तिथून उडी घेते. पाण्यातून बाहेर या. सखल जागी एकमेकांपासून काही मीटर लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

माश्यांचं अनेकांच्या ध्यानातच नसतं. कड्यांना आग्या मोहोळ असतं. काळे, अर्धवर्तुळाकार, लोंबणारे पोळे वर दिसले की आवाज कमी, धूर-विडी बंद, आणि अत्तर-डिओ त्या दिवशी घरीच. माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ रेषेत लांब पळायचं, हात झटकायचे नाहीत. पाण्यात बुडी मारून सुटका होत नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा लगेच नखानं किंवा कार्डानं खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला, अंगभर गांधी आल्या तर वाट न बघता १०८.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. खडकाळ माळावर फुरसं विशेष, आणि ते दगडाखाली बसतं. दगड उचलू नका, न बघता कपारीत हात घालू नका, बसायच्या जागेवर आधी काठी आपटा. चावलाच तर माणसाला शांत बसवा, अंगठी-कडं काढा, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि उचलून न्या. दोरी आवळणं, ब्लेड मारणं, चोखणं यातलं काही करू नका. सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) सरकारी दवाखान्यात मिळतं. येडशीहून धाराशिवचं जिल्हा रुग्णालय जवळ. सापाला पकडायला किंवा त्याचा फोटो काढायला एक मिनिटही घालवू नका.

खाजकुयलीच्या शेंगा सप्टेंबरनंतर तयार होतात, त्यांची तपकिरी लव अंगाला लागली की आग-आग होते. चोळू नका, चोळल्यानं ती आत जाते. चिकटपट्टी लावून उचला, मग पाण्यानं धुवा. कुसळी गवत मोज्यातून टोचतं, म्हणून मोज्यांवर पँटची मोहरी गुंडाळून रबर लावा.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स नको, ओली झाली की जड होते आणि मांड्या सोलते. पातळ ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. बूट खोल खाचांचे, आधी वापरलेले. नव्या बुटांनी पहिल्याच तासाला फोड येतात. काळ्या मातीतून वाट गेली तर एकेका बुटाला किलोभर चिखल चिकटतो, काठीनं खरवडत चाला, तसंच ओढत चाललं तर पोटऱ्या लवकर दुखतात. सोलापूरचा जाड टॉवेल घरी कितीही छान असला तरी इथं नको, भिजला की वाळत नाही. पातळ पंचा घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात.

पाणी माणशी तीन लिटर, दोन पोटात जाण्यासाठी आणि एक अडचणीला. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरतात, ते पिऊ नका. पायावर उघडी जखम असेल तर त्या पाण्यात उतरूही नका, लेप्टोस्पायरोसिस असाच होतो. दमट हवेत घाम कळत नाही, म्हणून क्षारसंजीवनीची पाकिटं चार घ्या. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

जेवणाला आपल्याकडं उत्तम सोय आहे: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरीत पाणी नसतं, त्यामुळे ती दमट हवेतही दिवसभर बिघडत नाही, वजनाला हलकी, चटणीतलं तेल-दाणे ताकद देतात. माणशी तीन भाकरी, पन्नास-साठ ग्रॅम चटणी, एक कांदा. दही डब्यात नेलं तर ते सांडतं आणि उन्हात आंबतं, त्यापेक्षा गाडीत ठेवा आणि परतल्यावर खा. कडक भाकरी खाताना पाणी जास्त लागतं, तेवढा हिशेब धरा. मधल्या वेळेला केळी, गूळ-शेंगदाणे. वर म्हटलेलं जास्तीचं जेवण म्हणजे माणशी आणखी दोन भाकरी आणि मूठभर शेंगदाणे, जे वाटेत अडकून पडल्याशिवाय गाडीत बसेपर्यंत उघडायचं नाही. रामलिंगला माकडं भरपूर. हातात पिशवी दिसली की ती ओढतात. डबा घट्ट झाकणाचा, पिशवीच्या तळाशी, आणि माकडांसमोर उघडायचा नाही. त्यांना खाऊ घालू नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं माकडच चावतं, आणि चावलं तर रेबीजची लस घ्यावी लागते. केळीची सालं, शेंगांची टरफलंसुद्धा परत आणायची.

गटाची पिशवी एकच असावी आणि ती दणकट माणसाकडं: दोरी, शिट्टी, विजेरी दोन, क्रेप बँडेज दोन, कापूस-पट्टी, बीटाडिन, चिकटपट्टी, सेफ्टी पिन, पॉवर बँक, आठही जणांच्या नेहमीच्या गोळ्या. ५२ वर्षांच्या माणसाला बीपी-शुगर असेल तर गोळीची वेळ आणि नाव गटप्रमुखाला आधीच माहीत हवं. सर्वांत जास्त होणारी दुखापत म्हणजे उतरताना मुरगळलेला घोटा. बूट काढू नका, सूज आली की परत चढत नाही. बुटावरूनच बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळा आणि काठी देऊन चालवा.

चालण्याची रीत: पुढं वाट जाणणारा, शेवटी दुसरा अनुभवी, आणि शेवटच्या माणसाच्या मागं कुणी राहायचं नाही. वेग सर्वांत हळू माणसाचा. वाट फुटली की थांबून सगळे आले का ते मोजायचं. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा.

सोलापूर सपाट. चढाची सवय नसते, म्हणून दोन आठवडे आधीपासून तयारी करा. आठवड्यातून तीन वेळा कंबर तलावाभोवती किंवा कुठंही सलग पाच किलोमीटर, आणि दोन वेळा तीन-चार मजल्यांचे जिने वीस मिनिटं चढ-उतार, शेवटच्या आठवड्यात पाठीवर चार किलो घेऊन. बूटही तेच घाला. ज्याला हे वीस मिनिटं जमलं नाही त्याला मंदिरापर्यंत गाडीनं न्या. त्यानं दर्शन घेऊन तिथंच थांबावं, आणि एक जण सोबत ठेवा.

घरच्या एका माणसाकडं कागदावर लिहून द्या: कोण कोण गेलंय, गाडीचा नंबर, कुठल्या वाटेनं, गाडीपाशी परत यायची वेळ तीन. पाच वाजेपर्यंत निरोप नाही आला तर त्यानं आधी तुमच्या ड्रायव्हरला, मग ११२ ला फोन करायचा. आणि तीनला गाडीपाशी पोचलात की बूट सोडण्याआधी, दही काढण्याआधी, त्याला कळवा.